क्लॅरीची दोनशे मैलांची गाडी

बेरिल हेन्च्के ऑस्ट्रेलियातल्या किम्बा गावात शाळेची बस चालवते. रस्त्यात मेंढी आडवी आली, तर हॉर्नसुद्धा न वाजवता थांबून राहणारी बाई. अशी बाई साठीला आल्यावर रेसच्या फटफटीच्या टाकीवर हनुवटी टेकून गेअर्डनर या आटलेल्या खाऱ्या तळ्याच्या सपाट मिठावर सुसाट का सुटते? नवऱ्यापायी, दुसरं काय!

क्लॅरीची हयात शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली आणि जीव अडकला तो या जुन्या सुझुकीत. तासाला दोनशे मैल, हा एकच ध्यास. मग डॉक्टरांनी सांगितलं की याच्या डोक्यातलं सगळं हळूहळू पुसलं जाणार. त्याला गाडी चालवायची बंदी झाली. "मग मी चालवते," बेरिल म्हणाली. त्याला कळतंय तोवर ते दोनशे व्हायला हवे होते.

हिवाळाभर दोघं शेडमध्ये राबली. आरसे, दिवे, वेगाचं मीटर, सगळं काढून टाकलं. फटींवर चिकटपट्ट्या आल्या. मिठावर मागचं चाक घसरू नये म्हणून शेपटीत शिशाच्या पट्ट्या बसवल्या. बेरिल स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पालथी पडून सराव करायची.

"ढुंगण खाली घे! सगळा वारा तिथं अडतोय," क्लॅरी ओरडायचा.

"लग्नाच्या वेळी नाही ते अडलं तुला!"

मिठावर दरवर्षी वेगाच्या फेऱ्या होतात, पण नवख्याला एकदम दोनशेला सुटू देत नाहीत. पायरीपायरीनं चढायचं, आणि पायरीच्या वर वेग गेला की फेरी बाद. म्हणून खालच्या पायऱ्यांसाठी मागच्या चाकाला मोठं स्प्रॉकेट, साखळीचं दातेरी चक्र, लावायचं ठरलं होतं, म्हणजे इंजिन तेवढंच फिरलं तरी गाडी कमी पळते. पहिल्या फेरीच्या सकाळी क्लॅरीनं चाक उतरवलं, पुन्हा चढवलं आणि बजावलं, "इंजिनाचा काटा आठ हजारांवर धर. बाकी माझ्यावर सोड."

तिनं सोडलं. काटा तसूभरही हलू दिला नाही.

पंच ट्रेव्हर गाडी घेऊन मागोमाग आला. "काय गं बेरिल, शाळेला उशीर होत होता का? पायरीच्या कितीतरी वर गेलीस. बाद! उद्या पुन्हा."

क्लॅरी तळावरच्या सगळ्या लोकांसमोर भडकला. "बसवाली ती बसवालीच! एक काटा धरता येत नाही!"

बेरिलनं गाडी आपल्या छपराखाली आणली. मिठावर तेलाचा थेंब सांडणं इथं पाप, म्हणून खाली सतरंजी अंथरलेली. तिच्या कडेला, फडक्यात, मोठं स्प्रॉकेट होतं तसंच पडलं होतं. क्लॅरीनं चाक काढलं होतं आणि जुन्याच लहान स्प्रॉकेटसह परत बसवलं होतं. तिनं वाकून ॲक्सलचा नट पाहिला. तो सुटू नये म्हणून लावायची कॉटर पिन घातलेलीच नव्हती आणि नट बोटानं फिरत होता. चाक भर वेगात निखळलं असतं. ती तिथंच खाली बसली.

ट्रेव्हर डोकावला. "उद्यासाठी चाक मी तपासून देऊ का?"

क्लॅरीचं चुकलेलं त्याला एका नजरेत कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या तळाला. स्वतः गुपचूप दुरुस्त करावं, तर आणखी कुठं काय राहिलंय ते तिला कसं कळणार? आणि परक्या हातांनी गाडी उघडून जोडली, तर ते दोनशे क्लॅरीचे राहणार नव्हते. तिनं फडकं स्प्रॉकेटवर ओढून घेतलं.

"नको रे. माझं नाव काढून टाक," ती म्हणाली. "घाबरले मी."

ट्रेव्हर मान हलवत गेला. क्लॅरी खुर्चीत येऊन बसला. तिनं त्याच्या हातात पावात गुंडाळलेला सॉसेज ठेवला. त्यानं तो खाऊन संपवला.

"बेरिल, गाडीत काही खोट नव्हती ना?"

"नव्हती. चोख होती."

"मला वाटलंच." त्यानं हात पुसले. "पुढच्या वर्षी तू नको. मीच चालवतो."

"चालव," ती म्हणाली.