शालनसाठी घरचं मिश्रखत

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा तुम्ही सांगितलाय, विषयही तुम्हीच काढलाय, तर ऐका. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. पुढं मलाच सांगताना जड जातं.

आमचं गाव निरवांगी. ऊस माझा पहिल्यापासून चांगला. खताचं विचारायला माणसं ‘तात्या, तात्या’ करत घरी येतात, त्यामुळं डोक्यात थोडी हवा होतीच. आमची शालन मात्र अंगानं फार जाड. गुडघे गेलेले, जमिनीवर बसणं बंद. लेक सुवर्णा बारामतीला दिली आणि लग्नाच्या मांडवातच शालननं ध्यास घेतला. हिच्या लेकराच्या बारशाला पाळण्याखालून बाळ आपण घ्यायचं!

‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात ना, तेच. खालून घ्यायचं म्हणजे बसायला पाहिजे, वाकायला पाहिजे. तेवढ्यासाठी ती पुण्याला जाऊन वजन कमी करायच्या ऑपरेशनला उभी राहिली. मला तर नुसतं ऐकूनच घाम फुटला होता.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी बजावलं, “पोट आता लहान केलंय, अन्न थोडं जाणार. म्हणून या जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. चुकवायच्या नाहीत.”

वजन उतरलं हो! पण त्या गोळ्यांची बाटली! दर महिन्याला बिल बघितलं की माझ्याच पोटाचं ऑपरेशन झाल्यासारखं वाटायचं.

एक दिवस चष्मा लावून बाटलीवरचं वाचलं. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम... म्हटलं, अरे, ही तर सगळी आपल्या ओळखीची मंडळी! आता मला सांगा, मी उसाला तयार मिश्रखत घेतो का? कधीच नाही. सुटी खतं आणतो, घरी फावड्यानं मिसळतो. काम तेच आणि खर्च कमी. मग बायकोलाच तयार मिश्रण कशाला?

काढली मोटारसायकल आणि गाठलं बारामतीत एक औषधाचं दुकान.

“कॅल्शियमच्या गोळ्या द्या, स्वस्तातल्या. लोहाच्या द्या. जस्ताच्या द्या.”

“चिठ्ठी?”

“घरी राहिली.”

“बी-ट्वेल्व्ह देऊ का?”

“किती असतंय ते एका गोळीत?”

“मायक्रोग्रॅममध्ये असतं.”

“एवढ्याशानं काय व्हतंय? राहू द्या!”

घरी येऊन सगळ्या गोळ्या मिक्सरला लावल्या आणि भुकटी बरणीत भरली. रोज सकाळी एक चमचा, ताकातून. शालननं बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“अहो, मी काय ऊस हाय व्हय?”

“उसाला एवढ्या मायेनं कोण देतंय?”

“डॉक्टरला इचारलं का?”

“त्यात काय इचारायचंय? पी गुमान.”

हसली आणि प्यायली. पुण्याच्या तपासणीलाही मग आम्ही गेलो नाही. गेलो की डॉक्टर पुन्हा तीच बाटली गळ्यात मारणार, म्हणून मीच टाळाटाळ केली. पारावर बसून शहाणपणा सांगायचो तो वेगळाच. “डॉक्टर लोकं लुटत्यात, थोडं डोकं चालवावं माणसानं!”

हळूहळू शालन दमायला लागली. केसांचे पुंजके कंगव्यात यायला लागले. “हाताला मुंग्या येत्यात हो,” म्हणाली. मी म्हटलं, “रक्त नवीन व्हतंय, त्याच्या मुंग्या!” कुठून सुचलं देव जाणे. वर आणखी तिचं कौतुक करायचो, “बारीक झाल्यापास्नं गोरी दिसाय लागलीस बघ!”

लोकांच्या उसावर लोह कमी पडून केवडा पडला, पानं पिवळी-पांढरी झाली, तर मी चालत्या गाडीवरून ओळखतो. आणि इथं बायको पांढरी पडत चाललेली आणि मी तिला गोरी म्हणत होतो!

सुवर्णाला मुलगी झाली. बारसं आमच्याच दारात. बारामतीहून व्याही-विहीणबाई आले, गावच्या बायका जमल्या, पाळणा सजला. शालन नवं लुगडं नेसून पाळण्याखाली मांडी घालून बसली. गुडघे काही बोलले नाहीत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

विहीणबाईंनी वरून बाळ खाली दिलं, “गोविंद घ्या...” शालननं हात पुढं केले आणि एकदम मागं घेतले.

“न्हाय. मला नगा देऊ.”

गाणं थांबलं. विहीणबाईंचा चेहरा पडला. “का वो? मुलगी झाली म्हणून व्हय?”

“तसं न्हाय ओ...”

“मग कसं? सख्खी आजी तुमी!”

सुवर्णा रडायलाच लागली. “आई, तुला पण मुलगाच पायजे हुता का?”

मला राहवेना. म्हटलं, बायकोची बाजू आपण नाही घ्यायची तर कुणी? धावत आत गेलो आणि बरणी घेऊन आलो. भर मांडवात! “अहो, ती थोडी दमलीय, बाकी काय न्हाय. ताकदीचं चालू हाय तिला. मी सोता घरी तयार केलंय!”

सगळ्या बायका बरणीकडं बघायला लागल्या. शालन खाली मान घालून म्हणाली, “काय धरलंय ते हाताला कळतच न्हाय गं. कालपास्नं दोन कप फुटलं. पोरगी सुटली हातातनं तर?”

सुवर्णानं आईच्या बोटाला चिमटा काढला. शालन नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुणे. डॉक्टरांनी शालनची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. मग बरणी बघितली.

“कॅल्शियम आणि लोह एकत्र? एक दुसऱ्याला अंगी लागू देत नाही, माहीत नाही?”

माहीत नाही? ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट एकत्र टाकू नका, साका धरतो, म्हणून अख्ख्या गावाला ओरडणारा माणूस मी!

“आणि बी-ट्वेल्व्ह? मुंग्या त्याच्या कमतरतेनं आल्यात. महाग पडतंय एवढं म्हणाला असतात, तर चालणारी स्वस्त गोळी मीच लिहून दिली असती.”

एवढं सोपं होतं बघा. विचारायचं होतं फक्त.

इंजेक्शनं झाली. आता स्वस्तातली, पण डॉक्टरांनी लिहिलेली गोळी चालू आहे. शालनच्या अंगावर रंग आला, केसही धरले. बोटांचं मात्र डॉक्टर म्हणाले, थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यातच बसलो, उठवेना. शालनच म्हणाली, “चला, एस्टी चुकंल.”

परवा सुवर्णा राहायला आली होती. शालन भिंतीला टेकून बसली होती आणि नात तिच्या मांडीवर. हातात ती अजून घेत नाही, मांडीवरच ठेवते. मला म्हणाली, “अहो, हिचं पाय गार पडल्यात का बघा. मला बोटाला कळत न्हाय.”

मी दोन्ही पाय मुठीत धरून बघितले. “न्हाय. चांगलं ऊन हायत.”

शालन माझ्याकडं बघत राहिली. “खरंच बघितलं, का आपल्या मनानंच सांगताय?”

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं आत हाक मारली, “सुवर्णा, जरा तू येऊन बघ गं!”