चालीशिवाय वाचलेलं गाणं

अंबडच्या कारखान्यात धनराज पगारेला सगळे पाठीमागे 'नापास पगारे' म्हणत. एकोणतीस वर्षं तो तपासणी खात्यात होता. खिशात भोकाचं माप तपासायचं दोन टोकांचं छोटं गेज. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की विषय संपला. मग माल कितीही घाईचा असो, साहेबाच्या मेहुण्याचा असो, त्यावर लाल चिठ्ठी. असा हा माणूस रविवारी शरणपूर भागातल्या एका लहानशा चर्चमध्ये पेटी वाजवायचा, गायनमंडळ सांभाळायचा. आणि तिथे मात्र त्याने एक माल असा पास केला की त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

पेटी त्याच्याकडे यादव मास्तरांकडून आली होती. मास्तर शाळेत मराठी शिकवत, चर्चमध्ये गाणी बसवत, आणि दोन्हीकडे सारखेच खडूस. त्यांचा एक नियम होता. नवीन गाणं आलं की पेटी बंद करायची आणि शब्द चालीशिवाय, पत्र वाचावं तसे, मोठ्याने वाचायचे. कुणासमोर? तर चर्चच्या मंडळीत त्या घडीला ज्याचं सगळ्यात जास्त दुखतंय त्याच्यासमोर. कुणाचं मूल गेलंय, कुणाची नोकरी सुटलीय, कुणाचा नवरा पितोय. त्याला पहिल्या बाकावर बसवायचं आणि वाचायचं. "चाल लबाड असते रे धनराज," मास्तर म्हणत. "ती माणसाला काहीही गिळायला लावते. त्याच्या तोंडाकडे बघून जे वाचवत नाही, ते देवासमोर म्हणायचं नाही." अशी कितीतरी गाणी मास्तरांनी परत पाठवली होती, खुद्द चर्चच्या पाळकांच्या सौभाग्यवतींनी रचलेलं एक धरून. त्या वर्षी नाताळात मास्तरांना पाळकांकडून केक आला नाही.

मास्तर गेले. चर्चमध्ये पडदा आला, प्रोजेक्टर आला, गिटार आली. दोन वर्षांपूर्वी गायनमंडळातली वेदिका मोबाइलवर एक हिंदी गाणं घेऊन आली. वेदिका कॉलेजात शिकणारी, गळ्याची गोड. "अंकल, याचं मराठी करून द्या ना. सगळीकडे हेच चाललंय," ती म्हणाली. चाल खरोखर सुंदर होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धनराजने डबा बाजूला सारला आणि एका लाल चिठ्ठीच्या पाठीवर लिहायला घेतलं.

पहिली ओळ हिंदीवरून उतरली: 'पूर्ण ज्याचा विश्वास, रोग त्याला शिवेना.' पुढे हिंदीत नुसतंच चार वेळा हालेलुया होतं. ते धनराजला आळशीपणाचं वाटलं. शिवाय आपल्यालाही रचता येतं हे दाखवायची हौस कुणाला नसते? त्याने मोकळ्या जागेत आपली ओळ भरली: 'ज्याच्या मनी शंका, त्याचं दुखणं सुटेना.' शिवेना, सुटेना. यमक असं चपखल बसलं की शेजारी भाकरी खाणाऱ्या दोघांना त्याने ते वाचून दाखवलं. त्यांनी माना डोलावल्या.

लिहिताना ती ओळ त्याला खटकली होती. खोटं कशाला बोला, खटकलीच होती. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या अंगातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, प्रार्थना करूनही मरेपर्यंत निघाला नाही, हे त्यानेच रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. मग पौलाच्या मनात शंका होती की काय? पण शनिवारी सरावाला पोरं ताटकळली होती, वेदिकाने स्वर पकडून ठेवला होता, आणि 'थांबा, आधी वाचून बघू' म्हणणारा म्हातारा व्हायचं त्याच्या जिवावर आलं. वाचायचं म्हटलं असतं तर माणूस शोधायलाही जावं लागलं नसतं. ढोलकी मांडीवर घेऊन निवृत्ती त्याच्या शेजारीच बसला होता.

निवृत्ती भालेराव मूळचा सायखेड्याचा, टेम्पो चालवायचा, आणि ढोलकीवर त्याचा हात असा की पाळकांचे पायही व्यासपीठावर ठेका धरत. पंधरा दिवसांपूर्वीच डॉक्टरांनी त्याला दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं होतं. पहिल्यांदा गाणं वाजवून झाल्यावर त्याने घाम पुसला. "भाऊ, चाल लय भारी हाय," तो म्हणाला. "हात आपोआप चालतो."

सव्वा वर्ष ते गाणं गाजलं. लोक हात वर करून गायचे, रडायचे. मनमाडच्या एका मंडळीने शब्द मागवले, तेव्हा धनराजने ते खाली आपलं नाव घालून पाठवले. निवृत्ती डायलिसिसच्या आदल्या दिवशीही सरावाला यायचा. शेवटी तो दवाखान्यातून उठेनाच, तेव्हा गायनमंडळ तिथे गेलं आणि खाटेभोवती उभं राहून तेच गायलं. निवृत्तीची बोटं खाटेच्या लोखंडी कठड्यावर ठेका धरत होती. चौथ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको उज्वला दफनविधीनंतर चर्चला आलीच नाही. तीन महिने झाले तेव्हा धनराज आणि त्याची बायको आशा सिडकोतल्या तिच्या दोन खोल्यांत गेले. उज्वलाने चहा टाकला. ती बरीच वाळली होती.

"वहिनी, रविवारी येत चला," धनराज म्हणाला. "घरात बसून जीव खाल्ला जातो."

"मला नका बोलवू भाऊजी. मी कुठल्या तोंडाने येऊ?" उज्वला ओट्याकडे तोंड करून बोलत होती. "शेवटच्या महिन्यात ते रोज मला विचारायचे, माझ्या मनात कुठली शंका राहिली असंल, शोध. आम्ही दोघं शोधायचो. लहानपणापासूनचं एकेक काढायचो. सायखेड्याच्या जत्रेत देवीपुढे नारळ फोडला होता, तो काढला. त्याची माफी मागितली. तरी दुखणं हटेना. मग मला कळलं, शंका त्यांची नव्हतीच. मी डॉक्टरांना विचारलं होतं की अजून किती दिवस आहेत. त्यांना न सांगता. विश्वास असता तर विचारलं असतं का मी? माझ्यामुळे गेले ते."

आशाने तिला जवळ घेतलं. धनराजने चहाचा कप तोंडाला लावला आणि चटका बसला तरी संपवला. 'ती ओळ माझी आहे' एवढे चार शब्द बोलायचे होते. त्यांच्याऐवजी 'येतो आम्ही' म्हणून तो उठला. परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या आशाने विचारलं, "अहो, ती शंकेची ओळ हिंदीतही आहे का?"

"तसंच काहीतरी आहे," तो म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि आशाला त्याचं खोटं ओळखता येत होतं.

पाळकांना त्याने सगळं सांगितलं. पाळक भला माणूस, पण वादाला भिणारा. "गाणं हळूच बंद करा," ते म्हणाले. "मंडळीत चर्चा कशाला?" सल्ला सोयीचा होता, म्हणून धनराजला लगेच पटला. वेदिकाने कारण विचारलं तर पट्टी उंच जाते असं काहीतरी सांगून त्याने वेळ मारून नेली. असे तीन रविवार गेले. कारखान्यात तो दिवसभर लाल चिठ्ठ्या लावायचा आणि त्या चिठ्ठ्यांची त्याला लाज वाटायची.

मग मनमाडहून एक व्हिडिओ आला. एका घरात खाटेवर एक बाई पडलेली, डोक्यावरचे केस गेलेले, आणि भोवती पंधरा-वीस माणसं तेच गाणं म्हणत होती. दुसऱ्या ओळीला त्या बाईने डोळे मिटून घेतले. खाली लिहिलं होतं: धनराजभाऊ, तुमच्या गाण्याने फार आशीर्वाद मिळाला.

धनराजने कारखान्यातूनच मनमाडला फोन लावला. ते गाणं थांबवा, ते खोटं आहे, मी लिहिलंय आणि मीच सांगतोय, आणि हे त्या बाईंना आजच्या आज जाऊन सांगा. समोरचा माणूस गोंधळला, दुखावलाही. धनराजने त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो सिडकोत गेला.

उज्वला दारातच धान्य निवडत बसली होती. तो समोर पायरीवर बसला, खिशातून ती जुनी लाल चिठ्ठी काढली आणि चालीशिवाय वाचली. पहिली ओळ, मग दुसरी. नवरा गेलेल्या बाईच्या तोंडाकडे बघून वाचली. मास्तरांना काय म्हणायचं होतं ते त्याला तेव्हा कळलं, आणि फार उशीर झाला होता.

"ही दुसरी ओळ मी लिहिली वहिनी. मूळ गाण्यात नाही, शास्त्रात नाही, कुठेच नाही. चालीत जागा उरली होती, म्हणून भरली. निवृत्तीच्या मनात काही नव्हतं. तुमच्याही नव्हतं. स्वतः प्रभूने क्रूसाच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळून देवाला विचारलं होतं, हे मरण टळेल का म्हणून. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, त्यात पाप नाही. पाप माझं आहे."

उज्वलाचे हात थांबले. "म्हणजे ते महिनाभर जे शोधत होते," ती सावकाश म्हणाली, "ते तुमचं यमक होतं?"

"हो."

तिने ताटातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "हे मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका. रविवारी सगळ्यांसमोर सांगा. मी येते."

रविवारी त्याने सांगितलं. पाळकांचा चेहरा उतरला, दोन घरं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाहीत, वेदिका रडली. त्याने पेटीची किल्लीही पुढे ठेवली. ती उज्वलाने उचलली आणि परत त्याच्या हातात दिली. "सोडून जाणं सोपं आहे," ती म्हणाली. "शनिवारी किती वाजता असतो सराव?"

आता दर शनिवारी सहा वाजता उज्वला पहिल्या बाकावर येऊन बसते. तिने माफ केलं की नाही, हे त्याने विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. नवीन गाणं आलं की पेटी बंद होते, पोरं गप्प बसतात, आणि धनराज कागद घेऊन तिच्यासमोर उभा राहतो. परवा वाचता वाचता एका ओळीवर तो अडला. पुढचं तिला लागेल म्हणून ती ओळ गाळून खालची घ्यायला निघाला.

"गाळू नका," उज्वला म्हणाली. "वाचा. कुठे दुखतं ते मी सांगते."