पाण्यावरचा आळ

फोन आला तेव्हा मी बीडच्या स्टँडवर उभा राहून चार पोरांना कंडक्टरचा आवाज काढून दाखवत होतो. स्क्रीनवर आईचं नाव दिसलं. आईचा फोन मी नेहमी तात्यांच्या आवाजात उचलायचो. नाकातून, जरा दम लागल्यासारखं, शेवटचा शब्द ओढून... ‘बोला. आरोग्य खातं बोलतंय. कळलं का न्हाई?’ मग आई ‘गप रे माकडा’ म्हणायची आणि मग काय काम असेल ते सांगायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली, म्हणून मी तेच पुन्हा, जरा जोरात म्हणालो. मग ती हळूच म्हणाली, ‘तात्या गेले रं... आत्ताच.’ म्हणजे माणूस तिकडं गेलता आणि इकडं मी त्यांच्याच आवाजात विचारत होतो, कळलं का न्हाई. कळलं, तात्या. पण सव्वा महिना झाला, अजून नीट कळंना.

निवृत्ती तात्या नात्यानं आमचे कुणी नव्हते. आमच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं. आरोग्य सेवक म्हणून सगळी नोकरी पाटोद्याकडच्या खेड्यांत सायकलीवर केली. मी नकला करणारा पोरगा. सरपंच, हेडमास्तर, कीर्तनकार, पिठाच्या गिरणीचा पट्टा, कुणालाच सोडलं न्हाई. पण गावात जास्त मागणी तात्यांची. आणि तात्या समोर बसून सगळ्यात जास्त हसायचे. नक्कल संपली की म्हणायचे, ‘पोपट्या, आवाज जमला बे तुला. अक्कल कवा जमंल?’ शेवटी शेवटी त्यांना माझ्या आईला एक गोष्ट सांगायची होती, लई जुनी. ती सांगायला त्यांचा स्वतःचा आवाज उरला नव्हता, म्हणून त्यांनी माझा घेतला. तेवढंच लिहायला बसलोय.

गाठीच्या तापाचं साल माझ्या जन्माच्या आधीचं. ते मी तात्यांकडूनच शंभरदा ऐकलेलं. आधी घराघरात उंदीर पडायला लागले. दिवसाउजेडी, वाटंच्या मधोमध, पिऊन पडल्यासारखे. मग माणसांना ताप, जांघेत न्हाईतर काखेत लिंबाएवढी गाठ. प्लेग म्हणलं की निम्मं गाव बिऱ्हाड बांधायला लागायचं, म्हणून तात्या तो शब्दच काढायचे न्हाईत. पत्र्याच्या पेटीत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घेऊन दारोदार फिरायचे. लोक तोंडावर ‘घेतली साहेब’ म्हणायचे आणि पाठ वळली की गालातून काढून म्हशीच्या गव्हाणीत टाकायचे. म्हणून तात्यांनी नियम केला, माझ्यापुढं गिळायची, मग ‘आ’ करायचं, जीभ वर. एका पाटलानं विचारलं, मी काय बैल हाय का दात बघायला? तात्या म्हणाले, बैल असता तर इतकं समजावलं नसतं, नाकात वेसण घालून पाजली असती. आणखी एक भानगड म्हणजे गोळी गरम पडंल म्हणून बायका मायेनं वर पेलाभर दूध पाजायच्या, आणि दुधानं त्या गोळीचा जोरच जातो. तात्या चुलीपुढं बसून ओरडायचे, पाणी, निसतं पाणी. हे सगळं मी नकलेत करायचो. पाटील मी, बायका मी, तात्या बी मीच. गाव हसून लोळायचं.

आता आईचं सांगतो. तिचं माहेर तात्या फिरायचे त्याच खेड्यांतलं. आई दिसायला देखणी, पण तिच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे हायत, आडवे, कुणी ब्रश फिरवल्यासारखे. फोटो काढताना ओठ घट्ट. आमच्या भागात बोअरच्या पाण्यानं कितीकांचे दात तसे होतात, त्यामुळं तिच्या माहेरी सगळे म्हणायचे, पाण्यानं झालंय. तिला बघायला आलेले दोन पाहुणे पोहे खाऊन गेले आणि निरोप आला, पोरगी चांगली हाय, पण दात... मग तात्यांनीच मनावर घेतलं आणि आपल्याच गल्लीतलं स्थळ आणलं, म्हणजे माझा बाप. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, गुटख्यानं दात असे की त्यांच्याशेजारी आईचे मोत्यासारखे दिसावेत. तात्यांनी हिशोबानंच निवडला असणार, असं मी म्हणायचो, आणि बाप चप्पल घेऊन मागं लागायचा. आमच्या घरात दंतमंजन कधी विकत आलं न्हाई. परळीला गेले की तात्या एक डबी आणणार, माजलगावला गेले की दुसरी. काळं, लाल, लवंगाचं, कडुलिंबाचं. ओट्यावर ठेवायचे आणि आईकडं न बघता निघून जायचे. आमाला वाटायचं, आरोग्य खात्याचा माणूस, सवय लागलेली असंल.

मागच्या वर्षी तात्यांच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशननं जीव वाचला, आवाज गेला. काकू, म्हणजे त्यांची बायको, रडली. तात्यांनी वहीवर लिहून तिला दाखवलं, ‘पोपट्याला बोलाव.’ तवापासून बीडहून सुट्टीला आलो की मी त्यांच्या ओसरीत. ते लिहायचे, मी त्यांच्या आवाजात बोलायचो. दुकानदाराला, पोस्टमनला, फोनवर पुण्यातल्या पोराला. ते ‘चहात साखर कमी’ लिहायचे आणि मी काकूला ओरडून सांगायचो, ‘आज चहा लई झकास झालाय गं, लग्नात प्यालतो तसा.’ तात्या वहीनं हाणायचे आणि बिनआवाजाचे हसायचे. खांदे निसते गदगदायचे.

एका दुपारी काकू शेताकडं गेलती. तात्यांनी लिहायला घेतलं ते थांबंचनात. पानभर झालं. मला वाटलं पेन्शनचं काही असंल. वही ओढून वाचली. लिहिलं होतं, संगी, तुझी आई, तवा सहा वर्षांची. काखेत गाठ, अंगात फणफण ताप. आठ वर्षांच्या आतल्या लेकराला ही कॅप्सूल शक्यतो द्यायची न्हाई, पुढं येणारे दात डागाळतात, हे आमाला सांगितलेलं. लहान लेकरांचं औषध संपलेलं. औषधाची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी कॅप्सूल फोडली, पूड गुळाच्या पाण्यात कालवली आणि पाजली. गाडी लांबली, ती येईस्तोवर पाजत राहिलो. तिचे नवे दात आले तेव्हा शाळेच्या तपासणीला मीच होतो. लोक पाणी पाणी म्हणाले आणि मी गप राहिलो. खाली ओळ होती... ‘हे तुझ्या आईला सांग. माझ्या आवाजात.’

मी म्हणालो, तात्या, तिला काहीच माहीत न्हाई, ती सुखात हाय, उगी कशाला? त्यांनी पेन उचलला. ‘पाण्यावर कशाला आळ? किती दिवस ढकलू?’

आई त्यांना रोज दुपारी मऊ भात आणून द्यायची. ती आली, वाटी ठेवली, पदरानं हात पुसत बसली. म्हणाली, काय रं, असा बसलास, जिभेला मुंग्या चावल्या का? मी वही धरली आणि तात्या झालो. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मी कुणाचा तरी आवाज काढतोय आणि कुणीच हसंना. एक शब्द पदरचा घातला न्हाई. ‘मी गप राहिलो’ या जागी तो आवाज फाटला. तो त्यांचा फाटला का माझा, मला अजून सांगता येत न्हाई. आई माझ्याकडं बघतच नव्हती. ती त्यांच्याकडं बघत होती, जसं ते स्वतःच बोलतायत.

ती जमिनीवर बोटानं रेघा मारायला लागली. मग म्हणाली, ‘फोटोत तोंड उघडायची लाज वाटली मला, तात्या. खोटं कशाला बोलू?’ तात्यांनी मान खाली घातली. ‘पण सुमी याद हाय का तुमाला? आमच्या भिताडाला भिताड लावून घर. माझ्याच वयाची. तिला बी गाठ आलती. तिच्या बापानं भिऊन, तुमी यायच्या आधीच तिला शेतात नेऊन ठिवली. तिथनं ती परत आली न्हाई. तिचे दात लई पांढरे होते बघा. दुधाचेच होते.’

तात्यांनी तोंड उघडलं. अर्थातच काही निघालं न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं, की तू बोल. वहीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. गिरणीच्या पट्ट्याला बी न सोडणारा मी... त्यांच्या आवाजातच गप बसलो. आईनं वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘खावा, निवतंय.’

त्यानंतर तात्या तीन आठवडे राहिले. परवा मी त्यांच्या घरी गेलतो. ओसरीतली तात्यांची बाज तिथंच हाय, काकू तिच्यावर कुणाला बसू देत न्हाई, पण मला बस म्हणाली. मग तिनं विचारलं, मी शेतात गेलते त्या दिवशी संगीला काय सांगितलं रे त्यांनी? त्यांच्या आवाजातच सांग. मला वाटलं, आता हिला धक्का बसंल. तरी सांगितलं, सगळं, गुळाच्या पाण्यासकट. काकू दाण्याची टरफलं काढत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘एवढंच व्हय? हे तर ते कितीक वर्षं झोपेत बडबडायचे. कुण्या पोरीचे दात, कुण्या पोरीचे दात. मी कधी इचारलं न्हाई.’

सुपातली टरफलं तिनं फुंकली, आणि बाजेकडं बघत म्हणाली, ‘आवाज गेला तरी झोपेत ओठ हलायचे रे. तुझ्या आईला सांगितलंस, त्या दिवसापासनं हलले न्हाईत.’