धाकट्याचा डबा

कुलूपवाल्याला सगळं गाव दादा म्हणायचं, कारण त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा, आणि धाकटा जे म्हणेल ते गाव उचलायचं. दादाला खुपायला सुरुवात इथूनच व्हायची. स्वतःचं टोपणनावसुद्धा भावाच्या तोंडून मिळालेलं.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात सुरेख, बोलणं त्याहून सुरेख. त्याच्याकडे माणसं यायची ती नवं काहीतरी सुरू करण्याच्या आनंदात. दादाकडे यायची ती घराबाहेर अडकलेली, कपाळाला आठ्या घालून. "एकाच आईच्या पोटचे आम्ही," तो बायकोला म्हणायचा, "पण हसरी गिऱ्हाइकं सगळी त्याची, रडकी माझी."

बायको म्हणायची, "तुमचं तोंड बघून हसतीही रडकी होत असतील."

गावाच्या टोकाला, बंद पडलेल्या गिरणीच्या मागे, आगगाडीचा एक प्रवासी डबा गवतात उभा होता. कधी काळी गिरणीपर्यंत गाडी यायची. गाडी बंद झाली, पुढचे-मागचे रूळ लोकांनी उचलून नेले, हा एक डबा तेवढा राहिला. दादा दुकानात जाताना-येताना त्याच्यावरूनच जायचा. सायकलची साखळी पडली तर त्याला सायकल टेकवून ती चढवायचा. धाकट्याने मात्र एकदाच आत डोकावून बघितलं आणि थेट जमिनीच्या मालकिणीचं दार वाजवलं. तिला अडगळ नको होती. डबा धाकट्याचा झाला.

"तिथे रंगकामाचं दुकान टाकतो," त्याने आईला सांगितलं. "आणि शेवटच्या कप्प्यात, मोठ्या खिडकीशी, तुझी बसायची जागा."

आई विरघळली. "माझ्या धाकट्याला सुचतं हो असं," ती येईल त्याला सांगू लागली. दादा समोरच बसलेला असायचा. एवढी वर्षं नाकासमोर होता तो डबा, आणि आपल्याला कसा दिसला नाही, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

आठवड्याभरातच धाकटा दुकानात आला. "दादा, कप्प्यांची दारं उघडत नाहीत. कुलपं गंजलीत. तोडली तर लाकूड जाईल. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

नाही म्हणायचं दादाच्या जिभेवर होतं. पण आत काय आहे ते बघायची ओढ मोठी होती. एक वाईट गोष्ट तरी सापडेलच, अशी आशाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गेला. पायरी तुटलेली होती, दांड्याला धरून त्याने अंग वर ओढलं. आत एका बाजूने अरुंद बोळ आणि त्याला लागून ओळीने कप्पे. धुळीचा आणि जुन्या काथ्याचा वास. पहिलं कुलूप त्याने तेल पाजून, कानस मारलेल्या किल्लीने उघडलं, आणि दार सरकवून उभाच राहिला. लाकडी झडपांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी बाकावर पडलं होतं. बाकाचं हिरवं कातडं फाटलं होतं, पण वरचं सामानाचं जाळं शाबूत होतं. भिंतीत बसवलेला आरसा होता, खाली घडी होणारं छोटं मेज होतं. त्याने मेज उघडलं, मिटलं, परत उघडलं. बिजागरी पितळेची, आवाज न करणारी. इतकी चांगली बिजागरी त्याने आयुष्यात बसवली नव्हती. हीसुद्धा आता धाकट्याची.

एकेक दार उघडत तो पुढे गेला. एका खिडकीत चिमणीचं घरटं, एका बाकाखाली कोणाच्या तरी बाळाची एकच चप्पल. गाडी थांबवायची साखळी त्याने ओढून बघितली. काहीच झालं नाही, थोडी लाल भुकटी बाहीवर पडली. प्रत्येक कप्प्यात त्याला धाकट्याकडे आलेली माणसं दिसत होती. चहा पिणारी, हसणारी, 'काय डोकं आहे हो तुमचं' म्हणणारी.

शेवटच्या कप्प्यात पाय टाकला आणि जमीन किंचित दबली.

तो मागे सरला. खाली वाकून त्याने जमिनीवरचं तपकिरी मेणकापड कोपऱ्यातून उचललं. खालची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी बोटाने निघाली. तिच्याखालच्या लोखंडी पट्ट्या गंजाने खाऊन चाळणी झाल्या होत्या, आणि त्यांतून खालचं गवत दिसत होतं.

दादाला पहिल्यांदा काय वाटलं, तर बरं वाटलं. छातीतून गार वारा गेल्यासारखं बरं. मग त्याला आठवलं की आईची जागा ती हीच.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "खरं सांगताय की जळताय?"

"दोन्ही," तो म्हणाला.

"मग भाऊजींना सांगा. पण विश्वास ठेवतील अशी आशा ठेवू नका."

तसंच झालं. संध्याकाळी धाकटा बोळात झडपांच्या पट्ट्यांना रंग देत होता. दादाने सांगितलं. धाकट्याने ब्रश रंगाच्या डब्यात टाकला.

"दादा, मी घर घेतलं तेव्हा म्हणालास पाया कच्चा आहे. सायकल घेतली तेव्हा म्हणालास सांगाडा वाकडा. लग्न ठरलं तेव्हा मुलगी तापट निघेल म्हणालास. माझं काही चांगलं झालं की तुला खालून सडलेलंच दिसतं."

"अरे, वाकून बघ तरी."

"सुताराने कालच बघितलंय. तो त्यावर उभा होता."

सुतार काडीपैलवान होता. पण दादाने वाद घातला नाही. आजवर वायफळ बोलण्यात एवढं काही खर्चलं होतं की कामाच्या वेळी त्याच्या शब्दाला वजनच उरलं नव्हतं.

दुकान उघडायच्या दिवशी दुपारी निम्मं गाव तिथे लोटलं. दादा सगळ्यांच्या आधी पोहोचला आणि शेवटच्या कप्प्याच्या दारात खुर्ची टाकून बसला. लोक डोकावायला आले की म्हणायचा, "आत रंग ओला आहे." धाकट्याची बायको हसून म्हणाली, "भाऊजींनी मोक्याची जागा धरली." तो हसला नाही, हललाही नाही.

मग आई आली, काठी टेकत, एका हाताने धाकट्याला धरून.

"सरक रे," ती म्हणाली.

"आई, तिथे नको. जमीन सडलीय."

बोळातली माणसं वळून बघू लागली. आई त्याच्याकडे बघत राहिली. "त्याने माझ्यासाठी एक जागा केली, तीही तुला बघवत नाही?"

सगळ्यांदेखत. दादाचे कान तापले. तो उठला, खुर्ची बाजूला केली, आईच्या आधी कप्प्यात गेला आणि खिडकीशी पोहोचून एक पाय दाणकन आपटला.

पाय मांडीपर्यंत खाली गेला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला आधी ऐकू आला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. धाकटा दारातून उडी मारून डब्याखाली सरपटत गेला, गंजलेल्या पट्ट्या हातांनी वाकवून त्याने खालून पाय सोडवला. मग दादाला पाठीवर घेऊन तो दवाखान्यापर्यंत गेला, वाटभर रडत.

प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून दादा महिनाभर पडून होता. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा. "काय भाऊ आहे हो तुमचा! हात सोलवटले, पण थांबला नाही." दादा मान हलवायचा. पाय त्याचा मोडला, आणि कौतुक याही वेळी गेलं कुठे, तर तिकडे. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

एका दुपारी धाकटा उशाशी बसला. हातांना अजून पट्ट्या होत्या.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"मी ऐकलं नाही."

"मीही माझं ऐकलं नसतं," दादा म्हणाला.

धाकट्याने सगळी जमीन उखडून नवे लोखंडी पट्टे टाकून घेतले, आणि दादाने बघितल्याशिवाय आईला आत नेणार नाही म्हणून हटून बसला. दादा कुबड्या घेऊन गेला. कोपरान्‌कोपरा ठोकून बघितला. काम चोख होतं. जरा जास्तच चोख, असं त्याला वाटलं. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि आई खिडकीशी जाऊन बसली. मग समोरच्या बाकावर हात ठेवून म्हणाली, "तूही टेक. पाय लांब कर." तो बसला. बोळातून धाकट्याचं गिऱ्हाइकांशी चाललेलं हसणं ऐकू येत होतं, आणि दादाला ते नेहमीसारखंच खुपत होतं. पण तो उठला नाही.

पुढे धाकट्याने दादाच्या दुकानासाठी नवी पाटी रंगवून आणली, निळ्यावर पिवळी अक्षरं, आणि स्वतः शिडीवर चढून लावली. येणारे-जाणारे थांबून वाखाणू लागले. त्यातल्या 'कु'चा उकार किंचित तिरका गेला आहे, हे दादाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. रोज दुकान उघडताना तो एकदा वर बघतो, आणि त्याला बरं वाटतं. बोललेला मात्र नाही, बायकोपाशीसुद्धा.