साधा पास की सवलतीचा

बसच्या पासाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "सवलत काही आहे का?" माझ्या पर्समध्ये सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र होतं, आणि मी "नाही, साधाच द्या" म्हणाले.

मी ओझरला राहते. नाशकात पंचवटीत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगचं काम करते. जाणं-येणं कित्येक वर्षं स्कूटीवर होतं. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी सर्व्हिस रोडला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मी स्कूटी घातली. फार लागलं नाही, गुडघा फुटला एवढंच. पण ट्रॉली चांगली खोलीएवढी होती, आणि ती मला दिसलीच नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ एकही ठिपका आला नाही तेव्हा मला वाटलं यंत्र बंद पडलंय. यंत्र चालू होतं. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या कडा गेल्यात, नळीतून बघावं तसं मधलंच तेवढं शिल्लक आहे. अंधारात तेही काम करत नाही. हे हळूहळू वाढत जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही, आणि गाडी आजपासून बंद. मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचत होते. बारीक अक्षरं अगदी स्पष्ट दिसत होती. एवढं दिसतं तर मी आंधळी कशी होत असेन, हेच मला कळेना.

सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळालं त्या रात्री जेवताना आम्ही दोघं बसबद्दल बोललो. आजाराबद्दल बोलणं दोघांनाही जमत नव्हतं, म्हणून बसबद्दल. माझे मिस्टर कारखान्यात आहेत, त्यांना हिशोबाची सवय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ते म्हणाले, तेच परवडेल. पण एसटीच्या पाट्या मला संध्याकाळी वाचता येणार नव्हत्या, आणि सुट्टं तिकीट म्हणजे रोज गर्दीत पैसे काढा, मोजा, पडले तर शोधा. शहर बसचं तिकीट मोबाइलवर निघतं म्हणून त्यांनी ॲप घालून दिलं. अंधारात ते कसं जमेल ते बघायला दिवे घालवून स्क्रीन डोळ्यांपुढे धरली आणि नंतर कितीतरी वेळ मला स्वयंपाकघराचं दार सापडेना. शेवटी शहर बसचा महिन्याचा पास ठरला. गळ्यात अडकवायचा, कंडक्टरला दाखवायचा, बास. दिव्यांगांचा सवलतीचा पास मिळतो हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रमाणपत्राच्या रांगेत तेच मला घेऊन उभे राहिले होते. तरी त्यांनी त्याचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

पास काढायला गेले तेव्हा खिडकीशी माझ्यामागे आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमधली एक बाई उभी होती. तिने ऐकलं तर वकीलसाहेबांपर्यंत जाईल, आणि न दिसणारी टायपिस्ट कोण ठेवतो, अशी भीती वाटली. त्याहून मोठी एक भीती होती. तो शब्द मी स्वतः तोंडाने उच्चारला तर तो खरा होईल. म्हणून साधा.

थंडीत दिवस लहान झाला. साडेपाचला सुटून निमाणीच्या बस स्टॅंडवर पोचेपर्यंत माझ्यासाठी रात्र झालेली असायची. दिवे असायचे, पण ते मला काळ्या कापडावर चिकटवलेल्या टिकल्यांसारखे दिसायचे. त्यांच्या उजेडात काय आहे ते दिसायचं नाही. ओझरची गाडी जिथे लागायची त्या खांबाला मी हात लावून उभी राहायचे. गाडी आली की शेजारच्याला विचारायचं, "ओझर का?" आणि चढायचं. कंडक्टर जवळ आला की मी पास पुढे करायचे आणि चेहरा खिडकीकडे वळवायचे, बाहेर काहीतरी बघत असल्यासारखा.

कुंभमेळ्याच्या कामांसाठी सगळीकडे खोदकाम चाललं होतं. एका संध्याकाळी स्टॅंडवर पोचले तर पत्रे ठोकून खांबाची ती बाजू बंद केलेली. गाड्या कुठे लागतात कळेना. माणसं अंगावर येत होती. मी बाजूला होण्याच्या आत खांद्याला धक्का बसायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "बाई, दिसत नाही का?" एक गाडी जवळ येऊन थांबली. मी विचारलं, "ओझर का?" कोणीतरी म्हणालं, "हो हो, चढा." ते उत्तर मला नव्हतं. दुसऱ्याच कोणाला तरी होतं.

चूक मला कानांनी कळली. ओझरच्या रस्त्याला आडगाव नाका गेला की दोन्ही बाजूंनी ट्रकांचा घरघराट सुरू होतो. तो आला नाही. त्याऐवजी गतिरोधक येत राहिले, एकामागून एक. कंडक्टर गर्दीतून माझ्यापर्यंत आला तेव्हा म्हसरूळ मागे पडलं होतं. त्याने पास पाहिला आणि म्हणाला की ही दिंडोरीची गाडी आहे, हा पास इकडे चालत नाही. मग बरोबर तेच सांगितलं जे कोणीही कोणालाही सांगेल: पुढच्या फाट्यावर उतरा, समोरून परतीची गाडी मिळेल. माझ्यामागून कोणीतरी उतरलं. गाडी निघून गेली.

डोळे उघडे होते. मी ते मुद्दाम ताणून उघडे ठेवले होते. आणि समोर काहीच नव्हतं. झाड नाही, रस्ता नाही, माझा स्वतःचा हात नाही. "समोर" म्हणजे कुठे, तेही कळत नव्हतं, कारण उतरताना मी वळले होते का नाही ते आठवत नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावला. पायाशी वाटीएवढी माती दिसली. त्यापलीकडे पाण्याची चारी असेल, विहीर असेल, डांबर असेल. मिस्टरांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. त्यांची दुसरी पाळी होती, आणि कारखान्यात फोन गेटवरच जमा करावे लागतात. हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा लावला. एक ट्रक आला. त्याचा आवाज आधी पाठीमागून आल्यासारखा वाटला, मग सगळीकडून, आणि तो इतका जवळून गेला की साडीचा पदर ओढला गेला. त्यानंतर मी पाऊलसुद्धा हलवलं नाही. घशातून एक बारीक आवाज निघत होता, तो माझाच आहे हे जरा उशिरा लक्षात आलं.

"कोणाकडं जायचं, बाई?"

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. मी म्हटलं, कोणाकडे नाही, ओझरला जायचंय, चुकून इकडे आले, नाशिकच्या गाडीची वाट बघतेय.

"मंग रस्त्याकडं पाठ करून काहून उभी?"

मी शेताकडे तोंड करून उभी होते. डोळे फाडून, गाडी येईल म्हणून, शेताकडे बघत. ते कळलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला.

"मला दिसत नाही," मी म्हणाले. "अंधारात मला काहीच दिसत नाही."

मोठ्याने मी ते पहिल्यांदाच बोलले होते. तिने माझं मनगट धरलं, मला हळूच वळवलं आणि चार पावलं मागे नेलं. पाठीला पत्र्याच्या शेडची भिंत लागली. तिच्या हाताला झेंडूचा उग्र वास होता. नाशकात फुलं विकून ती घरी चालली होती, गाडीतून माझ्यामागून उतरलेली तीच. तिची वस्ती तिथून आत होती, घरी सून वाट बघत असणार असं ती म्हणाली, पण हात सोडला नाही. हे जन्मापासून का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. बरं होणार का, म्हणाली. मी पुन्हा नाही म्हटलं. डॉक्टरांनाही मी हा प्रश्न विचारला नव्हता.

मला रस्ता ओलांडून देऊन परतीच्या गाडीला तिनेच हात केला, आणि दारातूनच कंडक्टरला सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हिला अंधारात दिसत नाय. निमाणीला उतरवा अन् ओझरच्या गाडीत बसवून द्या. लय भ्यायलीय ती." कोणीतरी उठून जागा दिली. मी मान खाली घालून बसले. सगळे माझ्याकडे बघत असतील असं वाटत होतं, आणि ते खरंच बघत होते का ते मला दिसत नव्हतं. कंडक्टरने तिकीट फाडलं, गळ्यातला पास पाहिला आणि हळूच विचारलं, "ताई, मग सवलतीचा पास का नाही काढला?" निमाणीला त्याने माझा दंड धरून मला ओझरच्या गाडीत बसवून दिलं.

सकाळी मी मिस्टरांना सगळं सांगितलं. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. मग एकदम म्हणाले, नोकरी सोड. मी नाही म्हटलं. ते चिडले, मीही चिडले. सासूबाई आतून विचारायला लागल्या काय झालं, आणि माझ्या डोळ्यांचं त्यांनाही तेव्हाच कळलं. त्या देव्हाऱ्यापाशी जाऊन बसल्या. नोकरी सोडून घरात बसले की संध्याकाळ काय यायची थांबणार होती?

त्याच आठवड्यात मी पुन्हा खिडकीशी गेले. माणूस तोच होता. त्याने प्रमाणपत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "पण तुम्हाला दिसतंय ना, ताई?" मी हो म्हटलं, आत्ता दिसतंय. तो आत साहेबांना विचारायला गेला. मागची रांग कुरकुरायला लागली. मला खोटारडी ठरवतील, पास तर देणार नाहीतच आणि वर सगळ्यांसमोर बोलतील, अशी भीती वाटत होती. तो परत आला आणि फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, "प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं?"

"कायमचं," मी म्हणाले.

त्याने एका रकान्यात खूण केली आणि फोटो मागितला.

वकीलसाहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं, आता लपवून उपयोग नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि थंडीपुरतं तासभर लवकर यायचं, लवकर जायचं, असं ठरवून दिलं. पुढचं पुढे बघू, म्हणाले. हे "पुढचं" म्हणजे काय, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

भीती गेली असं मी म्हणणार नाही, तिचा प्रकार बदलला. आता उजेड असताना राखीव सीटवर बसून मी मोबाइलवर काही वाचत असले की कोणीतरी पासाकडे बघतं, मग माझ्याकडे. एकदा एक माणूस शेजारच्याला म्हणाला की हल्ली कोणीही सवलत घेतं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ओझर येईपर्यंत बाहेर काढला नाही. घडीची पांढरी काठी मिस्टरांनी आणून दिलीय. ती पर्समध्ये असते. अजून उघडलेली नाही.

निमाणीला फुलांच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या बायका मला दिवसा दिसतात. त्यांत ती असेलही. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही.

परवा आभाळ भरून आलं आणि पाचच्या आतच अंधारलं. मी स्टॅंडवर होते. गाडी आली, मी दार चाचपून चढले आणि कंडक्टरला पास दाखवत म्हणाले, "मला अंधारात दिसत नाही. ओझर आलं की सांगाल का?" तो म्हणाला, सांगतो, पुढे बसा. मी पुढे बसले, आणि सगळा रस्ताभर तो विसरणार तर नाही ना, म्हणून त्याच्या आवाजाकडे कान लावून राहिले.