रविवारी सव्वासहाचा फोन

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर, शेजारच्या दाराआड धम्मानंद गजभिये राहायचे. मूळचे नागपूरचे, यंत्रांचे इंजिनिअर. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला वहिनी. घरातही इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या या मितभाषी माणसाचा जीव चेक देशातल्या एका लहानशा फुटबॉल क्लबमध्ये अडकलाय, हे मला शेजारी आल्यावर वर्षभरानं कळलं.

शहाऐंशी साली कंपनीनं त्यांना तिकडे एका लहानशा गावात अकरा महिने ट्रेनिंगला पाठवलं होतं. राहायला होते यार्दाच्या घरी. यार्दा गावच्या मैदानाचं गवत राखायचा. रविवारी सकाळी सव्वादहाला मॅच, आणि साडेबाराच्या ठोक्याला यार्दाच्या घरी जेवण. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. भाऊंना आले ते फक्त आकडे.

सिंगापूरला आल्यावर भाऊ दर रविवारी क्लबच्या खोलीत फोन करू लागले. यार्दाच्या घरी फोनच नव्हता. इकडे सव्वासहा, तिकडे सव्वाबारा वाजले की मॅच संपलेली असायची. आम्ही बहुतेक तेव्हा त्यांच्याकडेच चहाला. यार्दा स्कोअर सांगायचा, भाऊ तो परत म्हणायचे, दोघं हसायचे. संपला फोन.

"माझ्या माहेरी कधी एवढे फोन नाही केले यांनी," सरोजिनीताई म्हणायच्या.

"तुमच्या माहेरी गोल कुठे होतात?" भाऊ म्हणायचे.

२००६च्या ऑगस्टात यार्दाचा संघ पहिल्यांदाच दुसऱ्या क्रमांकाच्या लीगमध्ये चढला, आणि हरायलाच लागला. "अंकलची टीम अगेन लूज झाली, लाह!" आमची लेक वल्लरी तिच्या सिंगापुरी बोलीत कॉरिडॉरमधून ओरडत यायची. नोव्हेंबरअखेर तिकडे बर्फ पडला, मॅचेस थांबल्या. मग ख्रिसमसला यार्दाच्या भाचीचं इंग्रजीत कार्ड आलं. संघ खाली गेला तर क्लब मामाला कामावर ठेवणार नाही, असं तिनं लिहिलं होतं. क्लबच्या खोलीची किल्लीही मग परत द्यावी लागणार.

भाऊंनी ते कार्ड मला दाखवलं. "किल्ली गेली म्हणजे फोन गेला, वहिनी. मग मी त्याला कुठे गाठू?"

मार्चमध्ये मॅचेस पुन्हा सुरू झाल्या. तिकडे हिवाळ्यात घड्याळं तासभर मागे असतात, म्हणून भाऊ आता सव्वासातला फोन करत. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे झाली, आणि इतकी वर्षं हा हिशेब तोंडपाठ असलेले भाऊ नेमके त्या दिवशी विसरले. सव्वासातलाच फोन लावला. पहिल्याच घंटीला तिकडून उचलला गेला.

स्कोअर ऐकून त्यांनी रिसीव्हर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मटकन खुर्चीत बसले.

"तिकडे सव्वा वाजलाय," ते म्हणाले. "तास झाला, तो माझ्यासाठी बसून राहिला. जेवला नाही हो, वहिनी."

त्या दिवसापासून सरोजिनीताईंनी माहेरचा टोमणा सोडून दिला.

जूनमध्ये शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी झाली असती तरी संघ टिकला असता. त्या दिवशी चिवड्याची बशी कुणी हातात घेतली नाही. सव्वासहाला भाऊंनी फोन लावला. ऐकलं. "नुला, यदना," असं हळू आवाजात परत म्हटलं. शून्य, एक. नेहमीचं हसणं झालं नाही.

तेवढ्यात ताई आतून ओरडल्या, "अहो, आपला नंबर द्या ना त्यांना! इतक्या वर्षांत दिलाय का कधी?"

दिला नव्हता. आपण त्याच्या घरचं खाल्लंय, फोन आपणच करायचा, असं भाऊंच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता ते ताठ उभे राहिले आणि एकेक आकडा सांगू लागले. दोन शून्यं, मग सिंगापूरचा पासष्ट, मग घरचे आठ आकडे. तिकडून यार्दा एकेक परत म्हणत होता. मधे एकदा चुकला. भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

जुलैत मैदान ओस पडलेलं असतं, किल्लीही परत गेलेली. भाऊ तरी प्रत्येक रविवारी टेलिफोनजवळचीच खुर्ची धरायचे. "येईल हो त्याचा फोन," मी म्हणायची. ते मान हलवायचे.

ऑगस्टातल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आमची खिडकी कॉरिडॉरवर उघडते, शेजारचं सगळं ऐकू येतं. भाऊ इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेलेले. त्यांच्याकडे फोन वाजला. ताईंनी उचलला. तिकडचे आकडे त्यांनी भाऊंसारखेच परत म्हटले. मग त्या दारात येऊन, कठड्यावरून खाली वाकून ओरडल्या, सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा:

"अहो, लवकर या वर! तीन–शून्य! जिंकले!"