शटरपाशी येणारं नेटवर्क

“मॅडम, रीडिंग पास झालं ना? मग आता काय शोधताय?” मालक वैतागले होते.

पास झालं होतं, म्हणूनच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये लेसरने स्टीलचे पत्रे कापतात. लेसरखाली धातू नुसता वितळत नाही, त्याची वाफही होते. वाफ थंड झाली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण बनतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात उतरतात. ते कण मोजणं हे माझं काम. सारखा खोकणाऱ्या ऑपरेटर दिनेशच्या कॉलरला मी दिवसभर मीटर लावला होता.

लॅपटॉपवर ग्राफ उघडला. मशीनजवळ कण मर्यादेच्या खूप वर. मध्येच एकदम खाली, परत वर. या खड्ड्यांमुळे दिवसाची सरासरी मर्यादेत बसली होती.

दिनेशला बाजूला घेतलं. “मधेमधे कुठे जातोस रे?”

तो वरमला. “शटरपाशी, मॅडम. आत नेटवर्क येत नाय. बायको-पोरगी गावाला, मंडणगडला. पोरगी आत्ताच बोलायला लागलीय. पप्पा कधी येणार, एवढंच विचारते. सेठला सांगू नका, प्लीज. बंद करतील.”

माझा मुलगा परदेशात असतो. त्याच्या फोनची वाट बघण्यात माझे रविवार जातात. पण गप्प बसले असते, तर कागदोपत्री हवा चांगली ठरली असती आणि हा तोच धूर ओढत राहिला असता.

रिपोर्टात मशीनजवळचं रीडिंग वेगळं दाखवलं. फोनचं नाव काढलं नाही. धूर खेचणारा हूड बसवा, असं लिहिलं. शिवाय, ऑपरेटरला अधूनमधून मोकळ्या हवेत सोडा, अशी एक ओळ घुसडली.

मालकांनी कुरकुरत हूड बसवला. काही महिन्यांनी परत मोजायला गेले, तर काम चालू, पण शटर बंद. वारा आत आला की हूड धूर नीट खेचत नाही, हे खरंच होतं.

“आणि मोकळी हवा?” मी विचारलं.

“आता आतच मोकळी आहे की, मॅडम!”

रीडिंग उत्तम आलं. कॉलरवरचा मीटर काढताना दिनेशला विचारलं, “खोकला कसा आहे?”

“गेला, मॅडम.”

“आणि मुलगी?”

“मी रूमवर पोचेपर्यंत झोपलेली असते.”

रिपोर्टात मी ‘समाधानकारक’ असं लिहिलं. आमच्या फॉर्मात त्याला दुसरा शब्द नाही.